बॉडी इमेजिंगचं वेगळं बोर्ड नसतं: मी बॉडी रेडिओलॉजिस्ट कशी झाले

रेडिओवाल्या ज्युनिअर्सचे मला जे मेसेज येतात त्यात एक प्रश्न हमखास असतो, मॅडम, बॉडी इमेजिंगचं बोर्ड सर्टिफिकेट कसं मिळवायचं? तर आधी तेच सांगते, असं सर्टिफिकेट नसतंच. अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजी, आम्ही सगळे एबीआर म्हणतो, हे १९३४ सालचं बोर्ड आहे, ते डायग्नोस्टिक रेडिओलॉजीचं (इमेजेस वाचून निदान करायचं) सर्टिफिकेट देतं आणि त्यावर न्यूरो, पेडियाट्रिक, न्यूक्लिअर अशा मोजक्या शाखांची वेगळी परीक्षा घेतं. बॉडी इमेजिंगची, म्हणजे पोटातल्या लिव्हर, स्वादुपिंड, किडनी, आतडी, प्रोस्टेट, गर्भाशय ह्या सगळ्या भागाची अशी वेगळी परीक्षा नाही. मी आज इथे अमेरिकेत बॉडी रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते ते डायग्नोस्टिकच्या बोर्डावर, एका वर्षाच्या फेलोशिपवर (एकाच विषयाचं पुढचं ट्रेनिंग) आणि हॉस्पिटलने माझी फाईल पानन् पान तपासून दिलेल्या प्रिव्हिलेजेसवर, म्हणजे तिथे कुठलं काम करायचं ह्याच्या परवानग्यांवर. हे सगळं कसं जमलं ते एकदा सविस्तर लिहायचं होतं, कारण मी ह्यातून जात होते तेव्हा मराठीत सांगणारं कोणी नव्हतं आणि इंग्रजीत सांगणारे अर्धवट सांगायचे.

माझं एमडी रेडिओ मुंबईतल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलमधलं. ज्यांनी तिथे पीजी केलंय त्यांना सांगायला नको, सकाळी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर जी रांग लागते ती संध्याकाळपर्यंत हटत नाही, प्रोब आपल्याच हातात, एकीकडे गरोदर बायांचे फॉर्म एफ भरायचे, एकीकडे कॅज्युअल्टीतून अपेंडिक्स आहे का बघा म्हणून फोन. गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा, ज्याचा हा फॉर्म एफ, १९९४ चा आहे, त्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफी रजिस्टर्ड डॉक्टरच करतो, टेक्निशियन नाही. त्याचा फायदा तेव्हा कळला नाही, इथे आल्यावर कळला, कारण इथे स्कॅनिंग सोनोग्राफर करतात आणि रेडिओलॉजिस्ट फक्त इमेजेस वाचतो, त्यामुळे इथल्या कित्येक चांगल्या रेडिओलॉजिस्टचा हात प्रोबवर बसलेला नसतो. फेलोशिपमध्ये असताना सोनोग्राफरला अपेंडिक्स सापडलं नाही की ती मला बोलवायची, मी जाऊन हळूहळू दाबत सेकमपासून, म्हणजे मोठं आतडं सुरू होतं तिथून, शोधत जायचे, आणि बहुतेक वेळा सापडायचं. ते शिक्षण परळ-सायनच्या गर्दीचं आहे, त्याला कुठल्याही सर्टिफिकेटवर जागा नाही पण ते रोज कामाला येतं.

मला पोटाचंच करायचं हे तिथेच ठरलं. आमच्या मॅडम सीटी बघताना एक सवय लावायच्या, की आधी रिपोर्टचा विचार करायचा नाही, आधी प्रत्येक अवयव वरपासून खालपर्यंत एकट्याने बघायचा, लिव्हर संपलं की मगच प्लीहा, मग स्वादुपिंड, आणि शेवटी मेसेंटरी (आतड्यांना धरून ठेवणारा पडदा), कारण मेसेंटरी कोणी बघत नाही आणि आजार तिथेच लपतो. मी आजही त्याच क्रमाने बघते.

आता कागदांकडे येते, कारण लोक अडकतात ते इथेच. ज्यांनी रेडिओलॉजीची पूर्ण रेसिडेन्सी (पीजी ट्रेनिंग) अमेरिकेबाहेर केलीये त्यांच्यासाठी एबीआरचा एक आल्टरनेट पाथवे आहे. इथे परत रेसिडेन्सी करायची गरज नाही, पण मान्यताप्राप्त रेडिओलॉजी रेसिडेन्सी चालवणाऱ्या डिपार्टमेंटमध्ये ४ वर्षं सलग काढावी लागतात, आमच्या वेळी तर एकाच संस्थेत, फेलो म्हणून किंवा फॅकल्टी म्हणून किंवा दोन्ही मिळून, आणि त्या डिपार्टमेंटने तुमची जबाबदारी घेऊन बोर्डाकडून आधी मंजुरी आणावी लागते. हे वाक्य परत वाचा. आधी मंजुरी. फेलोशिप करून झाल्यावर अर्ज करू असं डोक्यात असेल तर ते काढून टाका.

त्याच्याही आधी ईसीएफएमजीचं, म्हणजे बाहेरून आलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं, सर्टिफिकेट. त्यासाठी यूएसएमएलई ह्या अमेरिकन लायसन्स परीक्षेच्या स्टेप्स द्यायच्या. माझ्या वेळी स्टेप १ ला आकडी स्कोअर असायचा (२०२२ पासून ती फक्त पास-फेल आहे), मग स्टेप २ सीके, आणि स्टेप २ सीएस नावाची एक परीक्षा होती जी अमेरिकेतल्या ५ शहरांतच व्हायची, त्यासाठी मी मुंबईहून शिकागोला गेले, नटांना पेशंट म्हणून बसवलेलं असायचं आणि त्यांची हिस्ट्री घेऊन तपासणी करायची. रेडिओवाल्यांना स्टेथोस्कोप हातात घेऊन कित्येक वर्षं झालेली असतात, पण खरं सांगते त्या परीक्षेने मला पेशंटशी इंग्रजीत बोलायची भीड मोडून दिली. २०२१ मध्ये ती कायमची बंद झाली, आता त्या जागी वेगळे पाथवे आणि इंग्रजीची ओईटी परीक्षा आलीये. स्टेप ३ मी आधीच देऊन ठेवली कारण एच-१बी व्हिसा हवा असेल तर ती पास असावी लागते, जे-१ ह्या ट्रेनिंगच्या व्हिसावर आलात तर नंतर २ वर्षं भारतात परत जायची अट असते नाहीतर वेव्हरची, म्हणजे ती अट माफ करून देणारी, नोकरी शोधावी लागते, आणि वेव्हरच्या जागा एका राज्याला वर्षाला ३० च. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर हा विचार आधी बसून करा, मॅच झाल्यावर, म्हणजे ट्रेनिंगची जागा मिळाल्यावर, नको.

आणि नाव! आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. एमबीबीएसच्या डिग्रीवर क्रम वेगळा. लग्न झालं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव चढलं. एमडी लग्नानंतरचं म्हणून त्यावर तिसराच प्रकार. आपल्याला ह्यात काही वाटत नाही, पण अमेरिकेतल्या कुठल्याही व्हेरिफिकेशनच्या दृष्टीने ह्या तीन वेगळ्या बायका आहेत. मी राजपत्रात नावबदल छापून आणला, नोटरीचं ॲफिडेव्हिट केलं, आणि ह्या दोन कागदांची स्कॅन कॉपी माझ्या फोनमध्ये कायमची असते कारण ईसीएफएमजीने मागितली, स्टेट लायसन्सवाल्यांनी मागितली, हॉस्पिटलने मागितली, इन्शुरन्सवाल्यांनी मागितली. मुली विचारतात लग्नानंतर नाव बदलू का, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण बदलणार असाल तर सगळ्या कागदांवर एकदम बदला किंवा कुठेच बदलू नका.

कॉलेजकडून व्हेरिफिकेशन यायला लागलेला वेळ हा ह्या सगळ्या प्रवासातला सर्वात वाईट भाग होता. अमेरिकेतून ऑनलाईन विनंती गेली, कॉलेजात ती ज्या ईमेलवर आली तो ईमेल उघडणारा माणूस बदलून गेलेला. माझे बाबा रिटायर्ड आहेत, ते जाऊन ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसायचे, कुणाशी वाद नाही, फक्त बसायचे आणि दर थोड्या वेळाने विचारायचे साहेब झालं का. शेवटी एका क्लार्क मॅडमनी स्वतः बसून लॉगिन शोधलं आणि काम केलं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं पत्र त्यामानाने सहज मिळालं, मात्र रजिस्ट्रेशन चालू हवं, दर ५ वर्षांनी रिन्यूअल आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात, परदेशात गेलो म्हणून ते सोडून देऊ नका, कारण पुढे कुठेही अर्ज केला की तुमचं पहिलं लायसन्स कुठलं आणि ते आज कसं आहे हे विचारतातच.

२०१९ च्या जुलैत फेलोशिप सुरू झाली. पहिला धक्का डिक्टेशनचा. भारतात आमच्याकडे टायपिस्ट होते, आपण बोलायचं आणि ते सुधारूनच लिहायचे. इथे सॉफ्टवेअर तुमचं बोलणं लिहितं आणि ते आपल्या उच्चाराला सरावेपर्यंत प्रत्येक ओळ तपासावी लागते. त्यातला सगळ्यात धोकादायक शब्द ‘नो’. तो छोटा आहे, घाईत बोललं की सॉफ्टवेअर गाळतं, आणि ‘नो मेटास्टॅसिस’चं (कॅन्सर पसरलेला नाही) नुसतं ‘मेटास्टॅसिस’ होतं. आमचे अटेंडिंग, म्हणजे शिकवणारे वरिष्ठ डॉक्टर, म्हणायचे सही करायच्या आधी इम्प्रेशन (रिपोर्टचा निष्कर्ष) मोठ्याने वाचायचं, आणि ते स्वतः इतक्या वर्षांनंतरही मोठ्याने वाचायचे.

बॉडी इमेजिंग म्हणजे नक्की काय शिकवतात हे एका उदाहरणातून सांगते. सिरॉसिसचा पेशंट, लिव्हरमध्ये २ सेंटीमीटरची गाठ, एमआरआय. इथे लिव्हरच्या गाठींना श्रेणी देणारी लाय-रॅड्स नावाची पद्धत वापरतात, सध्याची आवृत्ती २०१८ ची, तिच्यात एलआर-५ म्हटलं की तो हिपॅटोसेल्युलर, म्हणजे लिव्हरचाच, कॅन्सर समजतात आणि बायोप्सीशिवाय उपचार सुरू होऊ शकतात. म्हणजे पॅथॉलॉजिस्टचं काम रेडिओलॉजिस्टच्या शब्दावर होतंय. पहिल्याच आठवड्यात मी गाठीकडे बघून सांगायला सुरुवात केली तर अटेंडिंगने थांबवलं आणि म्हणाले गाठ नंतर, आधी हेपॅटिक व्हेन्स (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) दाखव. मला वाटलं व्हेन्सचं काय? तर लेट आर्टेरियल फेज, म्हणजे शिरेतून दिलेला कॉन्ट्रास्ट धमन्यांत भरलेला असतानाची वेळ, बरोबर पकडली असेल तर हेपॅटिक आर्टरी (लिव्हरची धमनी) चमकते, पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) थोडा कॉन्ट्रास्ट आलेला असतो आणि हेपॅटिक व्हेन्स अजून काळ्या असतात. पोर्टल व्हेनमध्ये काहीच आलं नसेल तर आपण लवकर आलो, गाठ चमकायच्या आत फोटो निघाला. हेपॅटिक व्हेन्स भरल्या असतील तर आपली गाडी चुकली. दोन्ही वेळा त्या सिरीजवरून गाठ चमकत नाही असं ठामपणे लिहायचा आपल्याला हक्क नाही. त्यात गॅडोक्सेटेट नावाचा कॉन्ट्रास्ट दिला की काही पेशंटचा श्वास नेमका त्याच क्षणी थोडा वेळ अडखळतो आणि अख्खी आर्टेरियल फेज हलते. म्हणून आधी फेज तपासायची, मग गाठ.

मग मोजमाप. आर्टेरियल फेजमध्ये गाठ झळकते म्हणून सगळ्यांना तिथेच मोजायचा मोह होतो, पण गाठीभोवतीचं लिव्हरही त्या वेळी चमकत असतं, तेही मापात येतं आणि गाठ आहे त्याच्यापेक्षा मोठी भरते. दुसऱ्या फेजमध्ये कडा स्पष्ट दिसत असतील तर तिथे मोजायची. हे दोन-चार मिलीमीटर कशाला एवढे महत्त्वाचे? कारण लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी पेशंट निवडायच्या मिलान निकषांत, जे १९९६ पासून वापरात आहेत, एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, आणि २-३ असतील तर प्रत्येक ३ सेंटीमीटरपर्यंत. ३.२ आणि २.९ मध्ये एका माणसाचं यादीत असणं-नसणं असतं. हे शिकायला एक वर्ष सुद्धा कमी पडतं, आणि हे कुठल्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत पूर्णपणे मावत नाही, म्हणूनच बॉडी फेलोशिप कुठे केली आणि कोणाच्या शेजारी बसून केली ह्याला एवढी किंमत आहे.

आपणही इथे काही घेऊन येतो. एक तरुण पेशंट, पोटदुखी, वजन उतरलेलं, बाहेरच्या रिपोर्टमध्ये क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार) लिहिलेलं आणि आता बायोलॉजिकचं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं, इंजेक्शन सुरू करायचं चाललेलं. मी सीटी उघडला आणि आकसून वर ओढलं गेलेलं सेकम बघितलं, आ वासलेला आयलिओसीकल व्हॉल्व्ह (लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप), आणि शेजारच्या लिम्फ नोड्स मधोमध काळ्या, कडेने चमकणाऱ्या. मुंबईत रेडिओ केलेल्या कुठल्याही पोराला विचारा, पहिला शब्द टीबीच येईल. मी लगेच गॅस्ट्रोच्या टीमला फोन केला, कारण टीबीवर ते इंजेक्शन दिलं तर आजार अंगभर पसरू शकतो. तपासण्या झाल्या आणि टीबीच निघाला. त्यानंतर डिपार्टमेंटमध्ये असं काही दिसलं की मला बोलवायला लागले, आणि उलट डाव्या बाजूचं डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्यावरच्या फुग्यांची सूज), आतड्याची एमआर एंटेरोग्राफी (एमआरआय तपासणी), प्रोस्टेटचं पाय-रॅड्स (लाय-रॅड्ससारखीच पद्धत) हे मी त्यांच्याकडून शिकले कारण मुंबईत माझ्या हाताखालून ह्या केसेस इतक्या गेल्याच नव्हत्या.

आठवड्याचा ट्यूमर बोर्ड हा माझा सर्वात आवडता भाग होता आणि आजही आहे. सर्जन, ऑन्को, पॅथो सगळे बसतात आणि स्क्रीन आपल्या हातात असते. व्हिपलच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या ट्यूमरच्या मोठ्या ऑपरेशनच्या, आधी सर्जन एकच विचारतो, एसएमए ह्या आतड्यांना रक्त देणाऱ्या धमनीच्या भोवती ट्यूमर किती अंशात आहे, १८० च्या आत का बाहेर. तुम्ही सांगता, तो ऑपरेशन करतो, आणि दोन आठवड्यांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तुमच्या समोर येतो. आपण बोललेलं बरोबर होतं का हे कळायची ह्याहून चांगली सोय नाही. भारतात असताना पेशंट प्लेट घेऊन निघून जायचा आणि पुढे काय झालं हे कळायचंच नाही, त्याची रुखरुख मला अजून आहे.

बॉडीनंतर ब्रेस्टची फेलोशिप केली आणि पुढे त्याच डिपार्टमेंटमध्ये ज्युनिअर फॅकल्टी, अशी ४ वर्षं भरली. मध्ये एबीआरची कोर परीक्षा. ही सगळ्या रेडिओलॉजीची असते, न्यूरो, मस्क्युलोस्केलेटल, मुलांचं, हृदय, न्यूक्लिअर, शिवाय फिजिक्स, आणि रेडिओआयसोटोपची सुरक्षितता. पोटात कितीही हुशार असा, त्याचा इथे उपयोग थोडाच. पूर्वी ती द्यायला शिकागो किंवा टूसॉनला जावं लागायचं, २०२१ पासून घरून देता येते. मी २०२२ ला दिली, बेडरूममध्ये वेबकॅम लावून, मुलगी शेजारणीकडे. फिजिक्स मी एमडीच्या जुन्या नोट्सवरूनच काढलं, एमआरच्या आर्टिफॅक्ट्ससाठी (इमेजमध्ये उमटणाऱ्या खोट्या खुणा) मात्र रोज कामावर जे दिसायचं त्याचे फोटो नाव काढून जमवत गेले आणि त्याच्यावरच अभ्यास केला. त्यानंतर सर्टिफाइंग परीक्षा, तिच्यात आपल्या कामाप्रमाणे मॉड्यूल निवडता यायची. आता येणाऱ्यांसाठी हे बदलतंय, २०२८ पासून सर्टिफाइंगच्या जागी परत तोंडी परीक्षा सुरू होणार आहे. एफआरसीआर ह्या ब्रिटनच्या रेडिओलॉजी परीक्षेची व्हायवा दिलेल्या लोकांना ती सोपी जाईल असं मला वाटतं, समोर केस आली की मोठ्याने विचार करायची सवय लागते.

आणि पास झालं म्हणजे संपलं असं नाही, ऑनलाईन प्रश्न दर आठवड्याला दोन येतात, वर्षाला किमान ५२ सोडवायचे, तरच सर्टिफिकेट चालू.

मग नोकरीच्या हॉस्पिटलची क्रेडेन्शियलिंग, म्हणजे कागदांची आणि अनुभवाची तपासणी. फॉर्म शंभरेक पानांचा वाटला मला. प्रत्येक डिग्री, प्रत्येक लायसन्स मुळातून पडताळतात, तुम्ही दिलेली झेरॉक्स चालत नाही. नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत तुमच्या नावावर काही खटला वगैरे आहे का बघतात. एमडीनंतर मी आईच्या आजारपणात काही महिने घरी होते, त्या गॅपचं लेखी स्पष्टीकरण मागितलं, मी साधं खरं लिहिलं, आई आजारी होती मी तिच्याजवळ होते, आणि ते मान्य झालं. पुढे प्रिव्हिलेजेसची यादी येते आणि त्यात प्रत्येक प्रोसीजर वेगळी: सीटी-गायडेड बायोप्सी, ड्रेनेज, पॅरासेंटेसिस (पोटातलं पाणी काढणं). प्रत्येकीपुढे टिक करायची आणि शेजारी अलीकडे किती केल्या त्याचा लॉग जोडायचा. माझा लॉग पहिल्या दिवसापासूनचा होता म्हणून काम झालं, माझ्या बरोबरच्या एकाला जुन्या सिस्टीममधून केसेस शोधत बसावं लागलं. सुरुवातीचे काही महिने तुमचे रिपोर्ट आणि प्रोसीजर दुसरे लोक तपासतात. मला त्याचा राग नाही आला, माझ्या वडिलांचा सीटी कुणी नवखा वाचणार असेल तर मलाही असंच हवंय.

लायसन्सचं एक महत्त्वाचं. बॉडी फेलोशिप बहुतेक ठिकाणी एसीजीएमई (अमेरिकेत ट्रेनिंगला मान्यता देणारी संस्था) मान्यतेची नसते. काही राज्यं लायसन्स देताना फक्त मान्यताप्राप्त ट्रेनिंगचीच वर्षं धरतात, म्हणजे तुम्ही ४ वर्षं घासलीत, बोर्ड मिळवलंत आणि शेजारच्या राज्यात पूर्ण लायसन्सला अपात्र, असं होऊ शकतं. कुठे राहायचंय ते ठरवून त्या राज्याचे नियम त्यांच्या मेडिकल बोर्डाकडूनच विचारून घ्या, व्हॉट्सॲपवरच्या सीनियरकडून नको, नियम बदलत असतात.

नातेवाईकही विचारतात म्हणून सांगते, तिकडे भारतात रिपोर्टखाली डॉक्टरचं नाव, डिग्री (एमडी, डीएनबी किंवा डीएमआरडी) आणि कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बघत जा. लिव्हर किंवा स्वादुपिंडाची गाठ असेल आणि ऑपरेशन ठरत असेल तर नुसती प्लेट नको, सीडी मागा, सगळ्या फेज त्यातच असतात, आणि पोटाचंच काम रोज करणाऱ्याकडून ती एकदा वाचून घ्या. तसे लोक आपल्याकडे मुंबई-पुण्यात आहेत, कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलांत तर आहेतच.

आणि जे ज्युनिअर खरंच निघालेत त्यांना ऑफर आली की मी हेच विचारते: डिपार्टमेंटने ४ वर्षांचं लेखी दिलंय का, बोर्डाची मंजुरी कोण आणि कधी मागणार, न्यूक्लिअर आणि ब्रेस्टमध्ये बसायला वेळ मिळणार का, की नुसती बॉडीची लिस्ट उपसायला लावणार, व्हिसा कुठला, आणि तिथे आधी ह्या पाथवेने कोणी पूर्ण केलंय का. असेल तर त्याला फोन करा, चेअरमनच्या आधी.